निव्वळ वजन बरोबर आहे

तराजूकाका कार्यालयात सगळ्यांना सांगायचे की, शनिवारी संध्याकाळी आपण लेकीबरोबर कॉफी घेतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक लहानसा पांढरा कप, त्यात काळीभोर कॉफी आणि कपामागे काकांचा गंभीर चेहरा असं चित्र उभं राही. चेहऱ्यापुरतं ते खरं होतं. बाकी ती कॉफी वीतभर उंच काचेच्या ग्लासात यायची. तळाला चॉकलेट, त्यावर माल्टची पूड घालून घुसळलेलं गारढोण दूध, त्यात नावाला म्हणून ओतलेली कॉफी, वर क्रीमचा डोंगर, डोंगरावर बिस्किटांचा चुरा आणि चुऱ्यात रोवलेलं एक वेफर. दुकानातल्या फळ्यावर तिचं नाव 'ढगातली गंमत' असं लिहिलेलं होतं. आता वजनमापे खात्याचा निरीक्षक काउंटरवर उभा राहून "एक ढगातली गंमत द्या" असं कसं म्हणणार? म्हणून ऑर्डर लेक द्यायची आणि काका तेवढा वेळ पाठ करून रस्त्यावरची रहदारी बघत बसायचे.

काकांना तराजूकाका हे नाव इमारतीतल्या लोकांनी दिलं होतं आणि ते त्यांना मनातून आवडायचं. त्यांचा सगळा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला होता. त्यांच्या खाकी बॅगेत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी प्रमाण वजनं बसवलेली असत आणि ती बॅग ते दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे लोक होते, कमी देणारे आणि बरोबर देणारे. जास्त देणाऱ्यांचं काय, असं लेकीनं लहानपणी एकदा विचारलं होतं. त्यावर काका म्हणाले होते, "बाळ, जास्त देणं हा गुन्हा नाही. तो नुसता बावळटपणा आहे."

बाजारातून आलेलं प्रत्येक पाकीट आधी काकांच्या हातात जाई. ते चष्मा वर सरकवून निव्वळ वजन वाचत, बांधणीची तारीख वाचत, बनवणाऱ्याचा पत्ता वाचत, मग पाकीट घरच्या काट्यावर ठेवत आणि "बरोबर आहे" म्हणून बायकोकडे देत. त्याच पाकिटावर बारीक अक्षरात आत काय काय घातलंय हेही छापलेलं असतं. ते काकांनी उभ्या आयुष्यात वाचलं नव्हतं. ते दुसऱ्या खात्याचं काम. सरकारी माणूस दुसऱ्या खात्याच्या ओळीवर नजर टाकत नाही, आणि इतक्या वर्षांनी तर काकांच्या डोळ्यांना ती ओळ दिसतसुद्धा नसे.

तर शनिवार. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या विमा कार्यालयाजवळ खोली घेऊन राहायची. रविवारी ती घरी यायची खरी, पण घरी आली की आई आणि लेक स्वयंपाकघरात बोलायला बसत आणि काकांच्या वाट्याला पाणी आणून देणं आणि दार कोण वाजवतंय ते बघणं एवढंच येई. मध्येच काही बोलायला गेलं तर दोघीही एकदम गप्प होऊन त्यांच्याकडे बघत, हे फारच वाईट. म्हणून शनिवारचा तो एक तास काकांचा स्वतःचा होता. खिडकीजवळचं टेबल, समोर लेक, मध्ये दोन ग्लास. त्या तासात ती काकांना कार्यालयातल्या भानगडी सांगे, काका तिला दुकानदारांच्या लबाड्या सांगत आणि दोघं मिळून हसत. काकांचा आठवडा शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा.

अशाच एका शनिवारी वेफर संपवून काका क्रीमच्या डोंगराकडे वळले होते. लेक म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. मी नोकरी सोडतेय."

काकांचा चमचा हवेत राहिला. कायमची नोकरी, निवृत्तिवेतन, दिवाणखान्यात टांगलेला तिचा पदवीदानाचा फोटो, सगळं एका क्षणात त्यांच्या डोक्यातून धावत गेलं. पण त्याच वेळी आणखीही काही घडलं. गेले कित्येक महिने जे पोट अधूनमधून कुरकुरत होतं, फुगत होतं, आणि ज्याला काका "उभं राहून राहून होतं" म्हणत आले होते, त्या पोटात अशी कळ आली की काकांचा चेहरा पिळून निघाला.

"काय करणार ते पुढच्या शनिवारी सांगते. अजून थोडं ठरायचंय," लेक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत सावकाश म्हणाली. "बाबा?"

"बघू," काका दात आवळून म्हणाले. एवढंच बोलून ते उठले आणि लगबगीनं घरी गेले. पोटाचं प्रकरण इतकं तातडीचं होतं की त्याहून लांब वाक्य त्यांना परवडणारं नव्हतं. लेक मात्र त्या 'बघू'कडे आणि अर्ध्या उरलेल्या ग्लासाकडे बराच वेळ बघत बसली.

डॉक्टरांनी पोट दाबलं, रक्त तपासलं, आणि सांगितलं की तसा मोठा आजार काही नाही, पण तुम्हाला ग्लुटेन सोसत नाही. गव्हात असतं, जवात असतं. ते बंद करा, बाकी सगळं खा, आराम पडेल.

काकांचा अपमान झाला. या वयात माणसाला रक्तदाब असतो, साखर असते, हृदयाचं काहीतरी असतं. चारचौघांत सांगता येण्याजोगी दुखणी. कार्यालयात कुणी "काय झालं?" म्हणून विचारलं तर "मला बिस्कीट सोसत नाही" असं सांगायचं? पाळण्यातल्या पोराचं दुखणं ते!

"कॉफी चालेल?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"कॉफीला काय झालंय? साधी कॉफी खुशाल घ्या."

साधी! काका उदास होऊन घरी आले. साधी कॉफी त्यांना कडू लागायची. आणि आपण जे पितो त्यात साध्याचा अंशही नाही, हे सांगायला कुणाची साक्ष लागत नव्हती.

काकूंनी त्याच दिवशी घर उलथंपालथं केलं. काकू शाळेत विज्ञान शिकवत, त्यामुळे काही बंद करायचं म्हटलं की त्यांच्यात बळ संचारायचं. पोळ्या गेल्या, पाव गेला, बिस्किटं गेली, केक गेला, नूडल्स गेल्या. काका एकेक डबा घराबाहेर जाताना बघत होते. "आता खायचं काय?" असं त्यांनी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "भात. आणि दोन आठवड्यांनी बघा, नुसते पळायला लागाल."

पुढच्या शनिवारी काका कॉफीला गेले नाहीत. लेकीला फोनवर म्हणाले, "काम आलंय." त्याच्या पुढच्या शनिवारीही काम आलं. खरं कारण वेगळंच होतं. आयुष्यभर दुकानदारांनी ज्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यानं आता गिऱ्हाईक म्हणून काउंटरपाशी वाकून "बाई, यात गहू आहे का हो? यात जव नाही ना?" असं विचारायचं? मागे रांग खोळंबलेली, पुढे कॉफीवाली हसू दाबतेय, आणि शेजारी आपली लेक हे सगळं बघतेय! त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं काकांनी ठरवलं आणि शनिवारी संध्याकाळी ते गच्चीत येरझारा घालत राहिले. दुसऱ्या शनिवारच्या फोनवर लेक नुसतंच "बरं" म्हणाली. इतकं छोटं 'बरं' काकांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांना दिवसभर टोचत राहिलं.

गच्चीतच त्यांना वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर भेटले. पोस्टमास्तरांना जगातले सगळे आजार होऊन गेले होते आणि सगळ्यांवर त्यांनी स्वतःच इलाज केला होता. त्यांनी काकांची हकीकत डोळे मिटून ऐकली.

"तराजूराव, डॉक्टर तरुण आहे," ते म्हणाले. "गहू बिहू नाही, हे सगळं कॉफीचं विष आहे. पण एकदम सोडलीत तर डोकं दुखणार. मी सांगतो ते करा."

ते खाली गेले आणि एक गोल डबा घेऊन आले. डब्यावर हिरवे डोंगर, वर उगवता सूर्य आणि 'आरोग्य पेय' अशी ठसठशीत अक्षरं. "रंग कॉफीचा, वास कॉफीचा, पण कॉफीचा एक कणही नाही. गरम पाण्यात घाला आणि दोन वेळा घ्या. माझ्याकडे बघा!"

काकांनी पोस्टमास्तरांकडे बघितलं. बघण्यासारखं विशेष काही नव्हतं, पण माणूस एवढ्या आपुलकीनं देतोय तर नाही कसं म्हणायचं? शिवाय मोहरबंद डबा होता. काकांनी तो घरी नेऊन चष्मा वर सरकवला, निव्वळ वजन वाचलं, डबा फोडून आतली पुडी काट्यावर ठेवली. कणभरही कमी नाही. पत्ता पूर्ण. तारीख स्वच्छ.

"प्रामाणिक माणसं दिसतायत," काका खूश होऊन म्हणाले.

चवही वाईट नव्हती, जरा जळकट आणि जरा गोडसर. काका सकाळी एक पेला घेऊ लागले, संध्याकाळी एक. पोट मात्र बरं व्हायचं सोडून आणखी ताठ झालं. काकांनी पोस्टमास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "विष बाहेर पडतंय. प्रमाण वाढवा." काकांनी प्रमाण वाढवलं. काकू सगळं वर्ज्य करून थकल्या, पदर खोचून पुन्हा पुन्हा फडताळं तपासू लागल्या, पण जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलेल्या त्या डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. नवऱ्यानं तपासून पास केलेली वस्तू पुन्हा तपासायची त्या घरात पद्धतच नव्हती.

शेवटी काकू वैतागल्या. "अहो, पोट एक वेळ राहू दे, पण तुम्ही तोंड का पाडून बसलाय? जा की त्या कॉफीच्या दुकानात. तुम्हाला काय चालेल ते विचारा आणि शनिवारी पोरीबरोबर जाऊन बसा. विचारायला काय लाज?"

"लाज कसली," काका म्हणाले. पण शनिवारी लेकीसमोर विचारण्यापेक्षा आधीच एखाद्या दिवशी गुपचूप जाऊन विचारून यावं, हे त्यांना पटलं. बुधवारी बाजारातलं काम आटोपून परत येताना ते कॉफीच्या दुकानात शिरले. अंगावर खात्याचा कोट आणि हातात खाकी बॅग.

दुकान चालवणारी कॉफीवाली तिशीची, चटपटीत बाई होती. दर शनिवारी ती काकांकडे बघून हसायची. त्या दिवशी ती हसली नाही. तिचं लक्ष आधी कोटाकडे गेलं, मग बॅगेकडे, आणि तिच्या हातातलं फडकं टेबलावर तसंच थांबलं.

काकांनी वाटेत विनम्र वाक्यांची चांगली तयारी केली होती. पण काउंटरसमोर उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडून त्यांचा रोजचाच आवाज बाहेर पडला. "या दुकानात जे जे पेय विकलं जातं, त्यात काय काय घालता?"

"काका... म्हणजे... सगळं चांगलंच घालते."

"ते मी ठरवीन," काका म्हणाले आणि स्वतःच दचकले. हे वाक्य त्यांना म्हणायचं नव्हतं. ते आपोआप आलं, पावसात छत्री उघडावी तसं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि काउंटरच्या कोपऱ्यात कॉफीच्या बिया तोलून विकायचा काटा त्यांच्या नजरेस पडला. मग मात्र काकांचं काही चाललं नाही. हात बॅगेत गेला, मखमलीतून पितळी वजन बाहेर आलं आणि काट्यावर जाऊन बसलं. काट्यावर आकडा उमटला. काका वाकले.

"फरक आहे," ते म्हणाले.

त्यापुढचं वाक्य महत्त्वाचं होतं. पण नेमकं त्याच वेळी सकाळच्या वाढवलेल्या प्रमाणानं पोटात उसळी मारली. काकांनी वजन उचललं, बॅग मिटली, आणि एक शब्द न बोलता ते जवळजवळ पळतच बाहेर पडले. पाहणाऱ्याला वाटलं, साहेब संतापानं निघून गेले.

कॉफीवालीनं शेजारच्या किराणावाल्याला सांगितलं, किराणावाल्यानं भाजीवाल्याला, आणि अर्ध्या तासात त्या रस्त्यावर एकही शटर उघडं राहिलं नाही. पार टोकाच्या न्हाव्यानंही दुकान बंद केलं. त्याच्याकडे काटा नव्हता, पण सगळेच बंद करतायत तर काहीतरी असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काकांना आत बोलावलं. साहेब वयानं लहान आणि नियमांना फार जपणारे होते.

"तुम्ही काल आदेश नसताना तपासणी केलीत?"

"नाही साहेब. मी कॉफी प्यायला गेलो होतो."

"प्रमाण वजनं घेऊन?"

काकांनी पायाशी ठेवलेली बॅग टाचेनं मागे सरकवली.

"आणि पदार्थांत काय घालता असंही विचारलंत म्हणे. ते अन्न खात्याचं काम आहे. त्यांच्या निरीक्षकांचा मला सकाळी फोन आला. आमच्या कामात तुमच्या माणसानं तोंड का घातलं, म्हणाले. आता त्यांना मी काय सांगू?"

"वैयक्तिक कारण होतं साहेब."

"म्हणजे नेमकं काय?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. टेबलापलीकडे साहेबांचा कारकून लेखणी थांबवून कान देत होता. तीस वर्षांची नोकरी, एकही ठपका नाही, आणि आता हे. "पोट," काका हळूच म्हणाले.

"काय?"

"मला बिस्कीट सोसत नाही साहेब!" काका ओरडलेच. कारकुनानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

साहेबांनी या खेपेला सोडून दिलं. पण घरी आल्यावर काकांना कळलं, साहेब म्हणजे काहीच नव्हते. काकू दारातच उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत पेपर फुटल्यावर असतो तसा भाव होता.

"अहो, तुम्ही त्या दुकानावर धाड घातलीत?"

"धाड नाही गं, मी विचारायला..."

"पोरीचा फोन होता. रडत होती. म्हणाली, बाबांना पसंत नसेल तर तसं सांगायचं, दुकान बंद पाडायला कशाला जायचं?"

"तिचा काय संबंध त्या दुकानाशी?"

काकूंनी एक मोठा श्वास घेतला. "नोकरी सोडून ती त्या दुकानात भागीदार होणार आहे. कॉफीवाली तिची मैत्रीण आहे. दोघी मिळून ते वाढवणार आहेत."

काका खुर्चीत बसले. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मला सुरुवातीपासून माहीत आहे."

"मग मला का नाही कुणी सांगितलं?"

"तुम्हाला शनिवारी सांगणार होती. तुमच्या त्या टेबलावर. 'बाबांना तिथेच सांगायचंय, आई, तू मध्ये बोलू नकोस' म्हणाली, म्हणून मी तोंड शिवून बसले. तुम्ही गेलात कुठे शनिवारी?"

काकांनी मनात सगळा हिशेब मांडला. 'बघू' म्हणून आपण उठलो, दोन शनिवार गेलो नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात खात्याचा कोट घालून तिच्या दुकानात तिचा काटा तपासून आलो. लेकीच्या जागी आपण असतो तर आपणही रडलो असतो. त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. पोट दुखत होतं म्हणून नाही, खरोखरच घास उतरेना.

शनिवारी दुपारपासून ते तयार होऊन बसले होते. आज जायचंच. पण तिथे गेल्यावर काय प्यायचं हा प्रश्न होताच, आणि विचारायचं तर आता कुठल्या तोंडानं? बऱ्याच विचारानंतर काकांना मार्ग सापडला. त्यांनी पोस्टमास्तरांचा डबा कोटाच्या खिशात घातला. आपण नुसतं गरम पाणी मागायचं, आपलं आपण ढवळायचं, कुणाला एक प्रश्न विचारायचा नाही आणि लेकीसमोर बसायचं. खात्याचा कोट त्यांनी आठवणीनं घरीच ठेवला, साधा घातला. बॅग तर काकूंनीच कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली.

खिडकीजवळच्या टेबलावर लेक बसली होती. काकांना बघून ती उभी राहिली, पण हसली नाही. काउंटरमागे कॉफीवालीनं काट्यावर फडकं टाकून तो झाकला.

"या," लेक म्हणाली. पाहुण्याला म्हणावं तसं.

काका बसले. वाटेत पाठ केलेलं सगळं पार विसरून गेले आणि जे पोटात होतं तेच बाहेर आलं. "छकुले, मी नाराज नव्हतो. माझं पोट दुखत होतं."

"काय?"

"त्या दिवशी. तू नोकरी सोडते म्हणालीस तेव्हा. मला नाराज व्हायला वेळच मिळाला नाही गं. आधी कळ आली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर, ग्लुटेन, गच्ची, बुधवार, साहेब. कारकुनाचे खांदे हलत होते तेही सांगितलं. लेकीचा चेहरा आधी तसाच होता, मग हळूहळू त्यावरची घडी मोडू लागली.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," काका म्हणाले. "तुझ्यासमोर मला काउंटरपाशी वाकून विचारायचं नव्हतं. आणि तुझ्याशिवाय इथे बसणं मला जमेना, म्हणून मी गच्चीत चालत होतो. फार वाईट गेले ते शनिवार."

लेकीनं ओठ दाबून धरले. "बाबा, मीही फार वाईट काढले," ती म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं विषय बदलला. "बरं, आता काय घ्याल?"

"मला नुसतं गरम पाणी. बाकी माझं मी आणलंय." काकांनी ऐटीत डबा टेबलावर ठेवला. "तपासलेलं आहे. निव्वळ वजन बरोबर आहे."

लेकीनं डबा उचलला. हिरवे डोंगर बघितले, सूर्य बघितला, आणि मग तिनं जे केलं ते काकांनी कधीच केलं नव्हतं. तिनं डबा उलटा करून त्याची बारीक अक्षरं वाचली. वाचता वाचता तिचे डोळे मोठे झाले.

"बाबा, तुम्हाला काय काय बंद केलंय म्हणालात?"

"गहू आणि जव."

"आणि हे तुम्ही दिवसातून दोनदा पिताय?"

"तीनदा. पोस्टमास्तर म्हणाले, प्रमाण वाढवा."

लेकीनं डबा त्यांच्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. काकांनी चष्मा वर सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची नजर दुसऱ्या खात्याच्या ओळीवर गेली. तिथे लिहिलं होतं, भाजलेले जव. त्यापुढे स्वल्पविरामसुद्धा नव्हता. डब्यात दुसरं काही नव्हतंच.

मग लेकीच्या नाकातून एक आवाज निघाला, आणि पुढच्या क्षणी ती टेबलावर डोकं टेकून हसत होती. हसता हसता तिनं डबा मैत्रिणीला दाखवला, आणि कॉफीवालीही काउंटरला धरून खाली बसली. काका आधी ताठ बसून राहिले. निरीक्षकानं स्वतःच्या पोटावर स्वतःच धाड घातली, तीही अगदी बरोबर मापानं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. गेल्या तीन आठवड्यांत ते एकदाही हसले नव्हते.

"काका," कॉफीवाली डोळे पुसत जवळ आली, "ते सगळं ठीक. पण माझ्या काट्यात फरक आहे म्हणालात, त्याचं काय? तीन दिवस माझा जीव टांगणीला लागलाय."

"अहो, ते सांगायचंच राहिलं!" काका म्हणाले. "तुमचा काटा वजन कमी दाखवतो. म्हणजे तुम्ही तोलून देता त्यात गिऱ्हाइकाला जास्त जातं. नुकसान तुमचंच होतंय. दुरुस्त करून घ्या, नाहीतर माझी पोरगी या दुकानात बुडेल."

'माझी पोरगी या दुकानात' हे शब्द लेकीनं नीट ऐकले. तिनं काकांकडे बघितलं. "म्हणजे पसंत आहे तुम्हाला?"

काकांनी जरा विचार केला. "भीती वाटते," ते म्हणाले. "कायमची नोकरी सोडतेस, मला झोप लागायची नाही काही दिवस. पण आता तू बारीक अक्षरं वाचतेस हे मी डोळ्यांनी बघितलं. मग मी कशाला घाबरू? पसंत आहे."

पुढचा तास त्या दुकानात जे चाललं त्याला तपासणीच म्हणावं लागेल, फक्त खातं दुसरं होतं. लेक आणि कॉफीवाली एकेक बाटली आणि डबा काउंटरवर मांडत होत्या, आणि काका चष्मा वर सरकवून बारीक अक्षरं मोठ्यानं वाचत होते. माल्टची पूड जवाची निघाली, ती बाजूला गेली. बिस्किटं गेली, वेफर गेलं. कोको चाललं, दूध चाललं, क्रीम चाललं, आणि कॉफी तर काय, नावालाच असायची, ती आता खरी घालायचं ठरलं. घुसळायच्या भांड्याला बिस्किटांचा चुरा चिकटलेला असतो हे काकांनीच काढलं. त्यावर एक भांडं वेगळं ठेवायचं आणि त्याच्या मुठीला लाल फीत बांधायची, असं ठरलं. रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "माझ्या मुलालाही गहू सोसत नाही हो. त्याला मिळेल का इथे काही?" काका त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "मिळेल ना. विचारायला लाजू नका." हे वाक्य कानावर आलं तेव्हा त्यांना स्वतःलाच जरा गंमत वाटली.

मग लेकीनं फीत बांधलेल्या भांड्यात कोको, दूध आणि कॉफी घुसळली. डोंगर आधीपेक्षा लहान झाला होता, आणि त्यावर चुऱ्याऐवजी तिनं कोकोच भुरभुरला. ग्लासाला एक रेघ असते, तिथवर भरायचं असतं. काकांचं लक्ष सवयीनं त्या रेघेकडेच होतं. लेक ओतत राहिली. रेघ गेली, काठ आला, आणि दोन थेंब बाहेर ओघळून टेबलावर पडले.

"जास्त झालं ना बाबा?" लेक हात थांबवून म्हणाली. "पहिलाच आहे. चुकलं."

काकांनी ग्लास काळजीपूर्वक दोन्ही हातांनी पुढे ओढला, वाकून वरचा घोट घेतला. कडू होतं, गोड होतं, आणि पोट अगदी शांत होतं. मिशीला लागलेलं क्रीम त्यांनी पुसलं नाही.

"नाही चुकलं," ते म्हणाले. "असंच भरत जा."